स्थळपाहणी

माझे बाबा लिफ्ट तपासतात. सरकारी भाषेत लिफ्टला उद्वाहन म्हणतात, म्हणून बाबांच्या ओळखपत्रावर ‘उद्वाहन निरीक्षक’ असं छापलेलं आहे. ते वाचून आजवर एकाही माणसाने त्यांना लिफ्टबद्दल काही विचारलेलं नाही. एकाने ट्रकचं लायसन्स कसं काढायचं ते विचारलं होतं. बाबांनी माहिती काढून त्याला सांगितलं. बाबांना नाही म्हणता येत नाही. लिफ्टला येतं, माणसाला येत नाही.

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या वर जाण्याची आणि खाली येण्याची काळजी वाहिली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, लिफ्टच्या डोक्यावर बसून वर जायचं, दोर बोटाने वाजवून त्याला कान लावायचा आणि शेवटी आत उभं राहून जोरात उडी मारायची. उडी नियमात नाही. उडी बाबांची स्वतःची आहे. त्यांचं म्हणणं, कागद काहीही म्हणो, उडी मारल्यावर वस्तू खरं बोलते.

अशा माणसाची निवृत्तीनंतरची इच्छा एकच असणार. त्यांना जमिनीवर राहायचं होतं. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. ‘मला आता जमिनीला टेकायचंय,’ असं ते वारंवार म्हणत, आणि आई म्हणे, ‘टेकाल हो, एवढी घाई काय आहे?’

बेत असा होता. निवृत्त होण्याआधीच एखाद्या छोट्या गावात तळमजल्याचं, किंबहुना फक्त तळ असलेलं आणि मजला नसलेलं घर घ्यायचं. आधी शनिवार-रविवार जायचं, मग कायमचं. गावाला बाबांची अट एकच, तिथे एकही लिफ्ट नसावी. ‘एक जरी असली ना,’ ते म्हणत, ‘तरी लोक मला शोधून काढतील.’

मध्येच साहेबांनी घोळ घातला. बाबांच्या जागी माणूस मिळत नव्हता, म्हणून त्यांनी तीन वर्षांची मुदतवाढ देऊ केली. सोमवारी उत्तर हवं होतं. आता साहेब समोर बसून ‘तुमच्यावाचून अडतं हो’ म्हणाले की बाबा हो म्हणणार, हे आमच्या घरातल्या फ्रिजलाही माहीत होतं. त्यातून सुटायचा एकच मार्ग होता. सोमवारच्या आत गाव ठरवायचं आणि साहेबांना सांगायचं, ‘मी चाललो.’ नुसतं ‘नको’ बाबांच्या तोंडून निघत नाही. ‘चाललो’ निघू शकतं.

आणि गाव ठरत नव्हतं ते आईमुळे.

आई पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात होती. फोन उचलायचा आणि म्हणायचं, ‘बोला, काय त्रास आहे?’ सगळी नोकरी या एका वाक्यावर झाली. ती गेल्या वर्षी निवृत्त झाली, पण वाक्य निवृत्त झालं नाही. माझ्या आत्याचा फोन आला तरी आई म्हणते, ‘बोला, काय त्रास आहे?’ आणि आत्या खरंच सांगायला लागते. निवृत्तीनंतर सुरुवातीला आई खुशीत होती. मग हळूहळू ती आमच्या घरातल्या वस्तूंना विचारायला लागली. एकदा मी पाहिलं, ती मिक्सरसमोर हात जोडल्यासारखी उभी होती आणि म्हणत होती, ‘कधीपासून होतंय असं?’

आईचा सिद्धान्त असा की माणूस फक्त तक्रार करताना खरं बोलतो. कौतुक करताना त्याला काहीतरी हवं असतं. त्यामुळे प्रत्येक गावात ती भेटेल त्याला एकच प्रश्न विचारी, ‘इथे त्रास काय आहे?’ आणि प्रत्येक गाव, पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागायचं म्हणून, सांगे, ‘छे हो, त्रास कसला? स्वर्ग आहे.’ झालं. आई गाडीत येऊन बसे आणि काच वर करी. काच वर गेली की ते गाव संपलं.

अशी सहा गावं संपली. चौथ्या गावाला तर तिने गाडीतून न उतरताच नकार दिला. ‘इथली कुत्री फार समजूतदार दिसतात,’ ती म्हणाली. ‘कोणीतरी सांगून ठेवलंय त्यांना.’

सातव्या गावात आम्ही रविवारी पोचलो. गाडी मी चालवत होतो. माझ्या आयुष्यातलं सध्याचं काम तेच आहे.

गाव नदीच्या एका बाजूला होतं आणि थोडंसं, चुकून सांडल्यासारखं, दुसऱ्या बाजूला. मध्ये अरुंद पूल. एक लांब रस्ता, त्यावर बेकरी, सायकलदुरुस्ती, औषधांचं दुकान, सलून. सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. बाबा गाडीतून उतरले आणि त्यांनी मान वर करून पाहिलं. वर फक्त आकाश होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला परक्या माणसाकडे पाहतोय असं वाटून मी नजर वळवली.

आई तोवर बेकरीवालीपाशी पोचली होती.

‘इथे त्रास काय आहे?’

‘त्रास?’ बेकरीवाली हसली. ‘काही म्हणजे काही त्रास नाही हो ताई. माणसं सोन्यासारखी. हवा तर विचारूच नका.’

‘नाही विचारत,’ आई म्हणाली, गाडीत येऊन बसली आणि काच वर गेली.

बाबा रस्त्यात उभे. एखाद्याला ताट वाढून मग ‘चुकून वाढलं’ म्हणून उचलून न्यावं, तसं झालं त्यांचं. मला म्हणाले, ‘चल, दाढी करून घेऊ.’

‘सकाळी केलीत ना?’

‘गावाची खरी माहिती सलूनमध्ये मिळते. ज्याच्या हातात वस्तरा असतो त्याच्याशी कोणी खोटं बोलत नाही.’

‘पण वस्तरा त्याच्या हातात असेल बाबा. खोटं तो बोलेल.’

ते या मुद्द्यावर क्षणभर थांबले आणि तरीही आत गेले.

सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाबा बसले, दुसरीवर मी. सलूनवाला पन्नाशीचा, गोल आणि उत्सुक. त्याने आधी आम्हा दोघांच्याही गालांना फेस फासला, म्हणजे कोणी पळून जायला नको, आणि मग सावकाश बाबांपासून सुरुवात केली.

‘पाहुणे नवे दिसता. काय काम काढलंत?’

आता इथे एक सांगायला हवं. बाबा नोकरीत एखाद्या इमारतीत जातात तेव्हा अहवालाच्या डोक्यावर लिहितात, ‘स्थळपाहणी’. इतकी वर्षं तेच लिहून त्यांच्यासाठी जगात जागा, ठिकाण, घर असले शब्दच उरलेले नाहीत. सगळं स्थळ. आमच्या बाथरूमचा बल्ब गेला तरी ते म्हणतात, ‘स्थळ पाहून येतो.’

‘स्थळ पाहायला आलोय,’ बाबा म्हणाले.

सलूनवाल्याचे डोळे आरशातून माझ्याकडे वळले. ‘मुलासाठी होय! वा. शोभेल असं वय आहे.’

‘छे छे, त्याचा काय संबंध?’ बाबा म्हणाले. ‘तो येईल सणासुदीला चार दिवस. माझ्यासाठी पाहतोय.’

वस्तरा थांबला. बाबांच्या कानाखाली, अगदी बरोबर जागी थांबला.

‘तुमच्यासाठी.’

‘निवृत्त होतोय आता. म्हटलं, त्याआधी एक दुसरं करून ठेवावं.’

‘आणि... पहिलं?’

‘पहिलं आहे ना! तीस वर्षं झाली. वाईट नाही, पण आता त्यात जीव रमत नाही. दमायला होतं.’

मी बोलणार होतो. खरंच. पण माझ्या तोंडावर फेस होता, आणि शिवाय हे कुठपर्यंत जातं ते पाहायचं होतं. दोन कारणं असली की माणूस गप्प बसतो.

‘घरच्या बाईंना माहीत आहे का हे?’ सलूनवाल्याने आवाज खाली आणला.

‘अहो ती काय, बाहेर गाडीत बसलीय. तिच्याच पसंतीवर घोडं अडलंय. मला सगळीच आवडतात. ती नाही म्हणते.’

‘किती पाहिलीत?’

‘सहा. एक चांगलं होतं, पण हिला वाटलं फार नटवलंय. वरून रंगरंगोटी, आतून पोकळ.’

सलूनवाल्याने काचेतून गाडीकडे पाहिलं. गाडीत आई समोर बघत ताठ बसली होती. त्याने जी मान हलवली ती मी आजवर फक्त मोठमोठ्या पुतळ्यांसमोर हलताना पाहिली आहे.

‘बाई थोर आहेत,’ तो म्हणाला. ‘बरं, तरुण पाहिजे का?’

‘नवं नकोच. नव्याचा भरवसा नाही. जुनं असावं, पण पाया भक्कम हवा. आणि उंच अजिबात नको. उंचीचा मला वीट आलाय.’

‘आधी कोणाचा संसार झालेला असला तर?’

‘उलट बरंच की! माणसांची सवय असते. फक्त आधीच्यांचं काही शिल्लक नको. कागदोपत्री मोकळं पाहिजे. कोणी उद्या दारात येऊन उभा राहिला तर?’

‘बरोबर. रंगाचं काही?’

‘रंग काय, आपण देऊ.’

सलूनवाल्याने वस्तरा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. त्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी आकार घेत होतं. ‘एक आहे,’ तो शेवटी म्हणाला. ‘नदीकाठी. मोठ्या बाईंचं. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आम्हाला सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. बाई एकट्याच असतात, बरीच वर्षं. अख्ख्या गावाची इच्छा आहे की काहीतरी व्हावं.’

‘नदीकाठी म्हणजे ओल असेल,’ बाबा म्हणाले.

‘ओल?’ सलूनवाला विचारात पडला. ‘वरून कोरडं वाटतं. आतून असेल थोडी ओल. असतेच की माणसाला.’

‘ते कळेल. मी ठोकून पाहतो.’

‘ठोकून?’

‘वाजवून बघितल्याशिवाय काय कळणार? आणि एक उडी मारतो. त्यावर उडी मारली की मग शंका राहत नाही.’

सलूनवाल्याने वस्तरा मिटून बाजूला ठेवला. मग सलूनवाला अतिशय हळू आवाजात म्हणाला, ‘आधी त्यांना विचारून घ्या बरं का.’

‘अर्थात,’ बाबा म्हणाले. ‘मी सरकारी माणूस आहे, न विचारता कुठे शिरत नाही,’ आणि त्यांनी ओळखपत्र काढून दाखवलं. सलूनवाल्याने ते मोठ्याने वाचलं आणि फोन करायला मागच्या खोलीत गेला. माझी दाढी राहिलीच. मी टॉवेलने पुसून घेतलं.

आईला गाडीतून काढायला बाबांना बरीच विनवणी करावी लागली. ‘अगं, एकच. शेवटचं. नाही म्हणालीस तर मी उद्या साहेबांना हो म्हणतो आणि पुन्हा हा विषय काढत नाही.’

आईने त्यांच्याकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. तीन वर्षं म्हणजे खड्ड्यात उतरणारे गुडघे आणखी तीन वर्षं. आईला ते कळत होतं. तिला गाव नको होतं असं नाही, तिला खोटं बोलणारं गाव नको होतं, आणि नवऱ्याच्या गुडघ्यांसाठी खोट्याला हो म्हणायचं की काय, या पेचात ती काच खाली-वर करत बसली. शेवटी खाली केली.

‘चला,’ ती म्हणाली. ‘पण मला कोणी स्वर्ग म्हणालं, तर मी परत येऊन बसेन.’

नदीकाठच्या रस्त्यावर त्या दिवशी जरा जास्तच वर्दळ होती. एक बाई अंगणातली एकच फरशी झाडत होती. एक गृहस्थ फुलझाडाला पाणी घालत होते आणि पाणी त्यांच्या बुटात जात होतं. सगळ्यांचे चेहरे आमच्याकडे वळलेले. आई म्हणाली, ‘बघ कसे बघतायत. आता कोणीतरी हवेबद्दल बोलणार.’

घर बसकं, लांबट, कौलारू. ओसरीवर लाकडी फळ्यांची जमीन. दारात मोठ्या बाई उभ्या. साठीच्या पुढच्या, सरळ, चष्म्याला दोरी, आणि चेहरा असा की मी आपोआप हात मागे घेऊन नखं लपवली.

‘आपण उद्वाहन अधिकारी?’ त्यांनी बाबांना विचारलं.

‘निरीक्षक,’ बाबा म्हणाले.

‘मी भाषा शिकवत होते. उद्वाह म्हणजे विवाह, हे आपल्याला ठाऊक असेलच.’

‘असं का?’ बाबा कौतुकाने म्हणाले. ‘आमच्याकडे आपला साधा अर्थ. माणसाला वर न्यायचं आणि धडपणे खाली आणायचं.’

‘विवाहाचाही तोच,’ बाई म्हणाल्या. ‘फक्त धडपणे नाही. किती उद्वाहनं केलीत आजवर?’

‘मोजली नाहीत हो. दिवसाला चार-पाच होतात.’

बाईंनी आईकडे पाहिलं.

‘कधी जास्तही,’ आई म्हणाली. ‘मग घरी यायला उशीर होतो.’

‘आणि लोक त्यात अडकत नाहीत?’

‘अडकतात ना,’ बाबा म्हणाले. ‘हाका मारतात, दारावर धडका देतात. मग मीच जाऊन सोडवतो. जरा स्थळ पाहू का? तुमची हरकत नसेल तर.’

बाईंचा चेहरा लाल झाला, पण ‘पाहू का’ म्हणेपर्यंत बाबा ओसरीच्या खांबाला कान लावून बसलेसुद्धा होते. टकटक. टकटक. मग भिंत. मग ते घराच्या कोपऱ्यावरून मागे दिसेनासे झाले.

‘हे काय करताहेत?’

‘पाहणी,’ आई म्हणाली. ‘त्यांना करू द्या. काम केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.’

‘आणि तुम्हाला हे चालतं?’

‘मला काय चालायचंय? माझं वेगळं असतं.’ आई ओसरीवरच्या खुर्चीत बसली. तिने पर्स मांडीवर ठेवली, पाठ सरळ केली, आणि तिचा तो आवाज लागला, जो मी लहानपणी तिच्या कार्यालयात गेल्यावर ऐकायचो. ‘बोला. काय त्रास आहे?’

मी डोळे मिटले. आता ‘छे हो’ येणार. मग काच. मग सोमवार.

‘त्रास?’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘त्रास विचारता मला? तुम्ही?’

आणि मग बांध फुटला.

‘त्रास हा आहे की या गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी इथे शिंकले की पुलापलीकडून औषध येतं. रात्री दिवा जरा उशिरापर्यंत चालू राहिला की सकाळी चौघं विचारतात, बाई, झोप नाही का? हा सलूनवाला, याला मी दोनदा नापास केला, तो त्याचा सूड म्हणून माझं भलं करतोय. नळाला पाणी म्हणाल तर नळातून येते हवा. शिट्टी वाजवत येते!’

‘बारीक शिट्टी की घरघर?’ आईने विचारलं.

बाई थबकल्या. ‘म्हणजे?’

‘बारीक असेल तर हवा. घरघर असेल तर गाळ आहे.’

‘आधी बारीक, मग घरघर,’ बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज किंचित बदलला. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेला नसावा. ‘सकाळी बारीक.’

‘म्हणजे टाकीखालची झडप गेली. कधीपासून?’

‘पूल दुरुस्त केला तेव्हापासून. तोही केला म्हणायचा. पावसाळ्यात त्याचा कठडा नदीला भेटायला जातो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि त्यातल्या एकदा मासे पकडतात. बेकरीवाली—’

‘ती म्हणाली, काही त्रास नाही.’

‘तिचा भाऊ आणि ती गेल्या वर्षापासून एकमेकांशी बोलत नाहीत! एकाच भट्टीत पाव भाजतात, तो एका बाजूने, ती दुसऱ्या! म्हणूनच पाव एका बाजूने करपतो!’

‘कोणाला सांगितलंत हे?’

‘कोणाला सांगणार? सगळं गाव म्हणजे माझे विद्यार्थी. त्यांना वाटतं, बाई रागवतायत. मान खाली घालतात आणि निघून जातात. ऐकत कोणीच नाही.’

आई पुढे सरकून बसली. तिच्या गालांवर रंग आला होता. मी गेलं वर्षभर तिला पाहतोय, मिक्सरशी बोलताना, आत्याशी बोलताना. असा रंग आला नव्हता. ‘एकेक घेऊ,’ ती म्हणाली. ‘आधी झडप. मग पूल. पावाचं शेवटी. आणखी काय?’

‘आणखी?’ बाई म्हणाल्या. ‘आणखी हे, की या वयात हा सलूनवाला माझ्यासाठी स्थळ पाठवतो! आणि ते स्थळ स्वतःच्या बायकोला घेऊन येतं! आणि बायको खुर्चीत बसून पाण्याची चौकशी करते!’

‘कुठलं स्थळ?’ आई म्हणाली.

नदीचा आवाज आला. पलीकडची बाई झाडू हातात धरून पुतळा झाली होती.

बाबा घराला वळसा घालून परत आले. गुडघ्याला माती, चेहरा उजळलेला. ‘स्थळ उत्तम आहे,’ ते म्हणाले. ‘मागच्या अंगाला जरा सुटलंय, पण या वयात ते चालायचंच. आता तुमची परवानगी असेल तर एक उडी मारतो.’

मी म्हटलं, ‘बाबा, नका.’

पण ते ओसरीवर चढून उडाले. फळ्यांनी दणका दिला, एक कौल खाली आलं, आणि त्या आवाजात आईच्या डोक्यात सगळं जुळलं. तिने बाबांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे.

‘तू होतास ना तिथे?’ तिने मला विचारलं.

‘माझ्या तोंडाला फेस होता,’ मी म्हणालो.

मग तिला सगळं सांगावं लागलं, आणि बाईंनाही. पाया भक्कम हवा, इथपर्यंत मी आलो तेव्हा आईने तोंडाला पदर लावला असता, पण पदर नव्हता म्हणून तिने पर्स लावली. ‘रंग आपण देऊ’ला पर्स खाली पडली. बाबा मात्र अजून तिथेच होते. ‘पण मी काय चुकीचं बोललो?’ ते विचारत होते. ‘स्थळच म्हणालो ना मी?’

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. ‘म्हणजे तुम्हाला माझं घर हवं होतं.’

‘हो,’ बाबा म्हणाले.

‘मी नको होते.’

बाबा कधी नव्हे ते चटकन सावरले. ‘आपल्याला कोण नको म्हणेल?’ ते म्हणाले. ‘पण माझी सही एका जागी झालेली आहे.’

आता बाई हसल्या. एकदाच, पण खणखणीत. पलीकडच्या गृहस्थांच्या हातातली झारी पडली.

‘घर विकायचं नाही मला,’ त्या म्हणाल्या.

बाबांचे खांदे उतरले. मी मनातल्या मनात गाडी वळवली.

‘नाही तर नाही,’ आई म्हणाली. ‘घर मिळेल कुठलंही. गाव मला पसंत आहे.’

बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. ‘पण एवढा त्रास ऐकून?’

‘ऐकून म्हणजे काय? ऐकलं म्हणूनच. सहा गावांनी मला दारातून गोड बोलून घालवलं. इथे पहिल्यांदा कोणीतरी आत बसवून खरं सांगितलं. आणि ही झडप, ती काय स्वतःहून बसणार आहे? उद्या कोणाला तरी जाऊन बसावं लागेल इथल्या पाण्याच्या कार्यालयात. यांचं काही ते ऐकायचे नाहीत, मान खाली घालतील. माझी शाळा नाही, मला कोणी घाबरत नाही. मी उठणारच नाही तिथून.’

‘शेजारचं रिकामं आहे,’ मोठ्या बाई अचानक म्हणाल्या. मग त्यांना वाटलं असावं की हे जरा कौतुकासारखं झालं, म्हणून घाईघाईने त्यांनी भर घातली. ‘छत गळतं. मालक खडूस आहे. मागल्या खोलीत मांजर व्यालेलं आहे आणि ते कोणाला आत येऊ देत नाही. दोन खिडक्या उघडत नाहीत, एक मिटत नाही.’

‘आणि शेजार?’ आईने विचारलं.

‘शेजार सगळ्यात वाईट. शेजारी मी आहे.’

‘अहो, चला पाहायला,’ आई बाबांना म्हणाली आणि उठली. बाई आधीच पायऱ्या उतरत होत्या. दोघी फाटकाशी पोचतात तोवर पुलाचा विषय निघाला होता, आणि आई विचारत होती की कठडा जातो तो कुठल्या बाजूने जातो.

फाटकात सलूनवाला उभा. धावत आला असावा, दम लागला होता. ‘बाई, जमलं का?’

‘जमलं,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘माझं आणि यांचं.’ आणि त्यांनी आईचा दंड धरला. ‘तू बाजूला हो.’

तो बाजूला झाला. आजतागायत त्याला नीट कळलेलं नाही, आणि गावात जी बातमी गेली ती काय गेली असेल ते आम्ही विचारलेलं नाही.

बाबा अंगणात मागे राहिले. त्यांनी बूट काढले. मग मोजे. मातीवर उभे राहिले आणि खिशातून फोन काढला.

‘सोमवारी सांगायचंय ना?’ मी म्हणालो.

‘सोमवारी साहेब समोर असतील,’ बाबा म्हणाले. ‘समोर असले की मला बोलता येणार नाही.’ आणि त्यांनी नंबर लावला. रविवारी दुपारी साहेबांना फोन करणं ही त्यांच्या नोकरीतली पहिली बंडखोरी होती, त्यामुळे त्यांचा आवाज थोडा उंच लागला.

‘साहेब, मी बोलतोय. ते मुदतवाढीचं. नाही साहेब. नाही जमणार. मी चाललो.’ मग ते ऐकत राहिले. साहेब बराच वेळ बोलत होते. ‘तुमच्यावाचून’ एवढं मलाही ऐकू आलं. बाबांचा चेहरा विरघळायला लागला, तोंड ‘ह’ म्हणायला उघडलं, आणि मी फोन हिसकावायच्या बेतात होतो. तेवढ्यात शेजारच्या घरातून धाडकन आवाज आला, मांजर ओरडलं, आणि पाठोपाठ आईचा आवाज, खुशीतला, वर चढलेला, ‘अहो बाई, हे छत नाही, ही चाळण आहे!’

बाबांनी त्या आवाजाकडे मान वळवली आणि ‘ह’ गिळला.

‘कारण?’ ते फोनमध्ये म्हणाले. ‘कारण काय सांगू साहेब. बायकोची बदली झालीय. मला जावंच लागणार.’